विमानानं वीस मिनिटं

दोन गावांमधलं अंतर रस्त्यानं मोजणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. प्रगत समाज ते आभाळातून मोजतो. नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. दोहोंतलं हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आणि उड्डाणाला वेळ वीस मिनिटं, असं मोबाइल सांगतो. (या विमानतळावरून त्या विमानतळावर विमान जात नाही. पण ती बाब प्रवासाची झाली, अंतराची नव्हे.)

या माहितीचा आमच्याकडे पहिला उपयोग सोयरिकीत झाला. लातूरचे दाळमिलवाले गुरुबसप्पा यांच्या दामिनीला नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा मल्लेश सांगून आला. मुलगा प्राध्यापक, निर्व्यसनी आणि पगार वेळेवर. (हे तिन्ही एकत्र आढळण्याचं प्रमाण आमच्या भागात हजारी तीन.) अडून बसली ती दामिनीची आई गंगम्मा. तिची एकच अट होती, लेक हाकेच्या अंतरावर द्यायची. "मला दम्याचं दुखणं हाय. शेवटाला लेकीच्या हातचं पाणी पाहिजे, दुसरं काय न्हाई," ती म्हणाली.

तेव्हा मध्यस्थ भीमाशंकरमामांनी खिशातून मोबाइल काढला. तो बैठकीत सर्वांच्या हाती फिरला. वीस मिनिटं म्हणजे गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीतून रिक्षा बाहेर काढायला लागतो त्याहून कमी वेळ, यावर एकमत झालं. विमान किती वाजता असतं, असं गंगम्मानं विचारून पाहिलं. बाईमाणसानं तांत्रिक बाबीत पडू नये, असं सर्वानुमते ठरलं आणि सुपारी फुटली.

पुढं हे अंतर इतकं जवळचं ठरलं की जायची घाई कोणालाच वाटेना. जवळच तर आहे, असं दामिनी म्हणे. गुरुबसप्पाही तेच म्हणत. अनुभव असा आहे की पुण्याला दिलेली लेक दिवाळीला हटकून येते आणि वीस मिनिटांवरची फोनवर 'येते, येते' म्हणते.

मागच्या चैत्रात गंगम्माला धाप लागली ती थांबेना. सकाळीच दामिनीला फोन गेला. ती मिळेल त्या एसटीत चढली. लोह्याला टायर बसला, अहमदपूरला ड्रायव्हर जेवला. इकडे गंगम्मा दाराकडं बघून विचारायची, दामू निघाली का? मामा मोबाइल बघून सांगायचे, निघाली की, वीस मिनिटांत येतीच. हे उत्तर दुपारपर्यंत देण्यात आलं, आणि दर वेळी ते बरोबरच होतं असं मामांचं आजही म्हणणं आहे.

सुनेनं तोंडाला पाणी लावलं तर गंगम्मानं मान फिरवली. "झाकून ठेव," ती म्हणाली. "ती येऊन राहिली ना."

दामिनी पोचली तेव्हा तांब्या झाकलेलाच होता.

मातीला जमलेले सोयरे फार हळहळले. वीस मिनिटांवर असून लेकीला वेळेत येणं झालं नाही, आताच्या पोरींना मायाच न्हाई, असा निष्कर्ष निघाला.

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. मामांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या असतील, तेही योग्यच. आता मोबाइल हातात आहेच, तर तुमच्या आईचं गाव किती लांब दाखवतो तेवढं बघून घ्या. जवळच असणार. लांब असतं तर एव्हाना जाऊन आला असता.