बॉनेटवरचा हात

एका डिसेंबरात भल्या पहाटे मी माझ्याच गाडीचं इंजिन चोरासारखं चालू केलं. वीस मिनिटं गरम होऊ दिलं, बंद केलं आणि बॉनेटवर दोन बादल्या पाणी ओतलं. बायकोने खिडकीतून विचारलं, "या थंडीत गाडीला आंघोळ?" मी म्हणालो, गिऱ्हाईक येणार आहे, जरा चकचकीत दिसू दे. ते खोटं होतं. मला गिऱ्हाइकाची भीती नव्हतीच. भीती होती लोटनआप्पांच्या हाताची.

तळोद्यात कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की आधी आमच्या समोरच्या आप्पांना सोबत घेई. आप्पा सत्तरीतले. उभं आयुष्य त्यांनी डोंगरातल्या गावांना प्रवासी जीप चालवली. गाडीपाशी आले की ते चपला काढत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर तळहात ठेवत आणि म्हणत, "आते लाव चावी. आन् कोनी बोलानं नही." त्यांची अट एकच होती. गाडी जपेल पाहिजे, म्हणजे रात्रभर झोपलेली, सकाळपासून चावीला कोणी हात न लावलेली. "गरम इंजिन गोडच बोलस, मास्तर. झोपमाथिन उठताच कसं खोकस, ते दखानं."

माझं डिझेल इंजिन नेमकं तिथेच खोकत होतं. सकाळी पहिली पाच मिनिटं टकटक आणि पांढरा धूर, नंतर दिवसभर शहाण्यासारखं.

आप्पा माणूस अस्वस्थ. संध्याकाळी मी शाळेतून आलो की त्यांच्या वट्ट्यावर चहाला बसे, पण स्वस्थ बसणारा मी एकटाच. समोरून एखादी मोटारसायकल जोरात आली की आप्पांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबी. ती वळली की त्यांचा खांदा कलंडे. नातवाचा व्हिडिओ कॉल सुरू असतानाही मागचा करकर आवाज ऐकून ते मध्येच सुनेला विचारत, "मांगे कोनती गाडी गयी? तिना पट्टा चिरकी ऱ्हायना."

मतं तर इतकी, की ऐकणाऱ्याने आपली गाडी विकून पायी चालावं. डिझेल म्हणजे म्हैस, पेट्रोल म्हणजे शेळी. काळी गाडी धुळीची, पांढरी भाड्याची, लाल जावयाची. ज्या गियरने घाट चढला, त्याच गियरने उतरायचं. ब्रेकवर घाट उतरणाऱ्याला मुलगी देऊ नये. बॅटरीच्या गाड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "जी बोलसच नही, तिले दुखस काय हाई समजाडी कोन?" एवढं असून स्वतःकडे एक सायकल. का, असं विचारलं तर म्हणत, "तिनं इंजिन मीच शे. ते बी सकायले खोकस."

त्या सकाळी ब्राह्मणपुरीच्या मगनला घेऊन आप्पा आले. मगन शेतकरी, हिशेबी आणि तोंडाचा तिखट. आप्पांनी चपला काढल्या, ओल्या बॉनेटवर हात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग खाली वाकून काहीतरी बघितलं. मी तेव्हा रस्त्याकडे पाहत होतो. चावी लागली, इंजिन गोड बोललं. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक शे. ली जा."

दुसऱ्या सकाळी गाडी मगनच्या खळ्यात खोकली. मगनने माझ्याशी भांडण केलं नाही. त्याने तळोद्याच्या जीपस्टँडवर दहा जणांत सांगितलं, "आप्पाना हात मरी गया. आते त्यासले म्हशीनं शेपूट धराले बी बलावू नका." लोक हसले. मीही तिथे होतो. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

त्यानंतर आप्पांना कोणी बोलावेना. रोज सकाळी ते दाढी करून, टोपी घालून दारात उभे असत. दहा वाजले की टोपी खुंटीवर. मी सगळं समोरून बघत होतो. संध्याकाळी चहाला जात होतो, आणि आप्पा इंजिनांबद्दल बोलायचे थांबत नव्हते. उलट जास्तच बोलत.

असे चार महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

आप्पा म्हणाले, "माले मालूम व्हतं."

मला वाटलं, माझी समजूत काढताहेत.

"गाडीखाले मांजर जपेल व्हती," ते म्हणाले. "डिसेंबरमा मांजर थंड्या गाडीखाले जपस नही, मास्तर. पानी तू वरथिन टाकं. इंजिन खाले ऱ्हास."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांचा पाय जमिनीवर हलत होता. "तव्हय मी बोलतू, तं तू लाजमा वट्टावर येवानं सोडी देता. मंग संध्याकायले मी कोनसंगे बोलू?" मग म्हणाले, "मगनकडे दोन डाव गऊ, गाडी दुरुस्त कराले. तो हात लावू दे नही. त्यानं बी बरोबरच शे."

बाजाराच्या दिवशी मगन स्टँडवर सापडला. भोवती तेच दहा जण. आप्पा येत नव्हते, मी त्यांना हाताला धरून आणलं. मी सांगितलं, "मगनभाऊ, इंजिन मी गरम करेल व्हतं. गाडी परत लेवाले मी तयार शे."

मगनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आप्पा, आन् तुमले समजनं नही?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर आप्पा सुटले असते. म्हाताऱ्याची चूक म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. आप्पा खाली बघत म्हणाले, "समजनं व्हतं."

स्टँडवर एका जीपचं इंजिन सुरू होतं, ते ड्रायव्हरने बंद केलं. मी आत्तापर्यंत फक्त कबुली दिली होती, माफी मागितली नव्हती. मी आप्पांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, मन्हाकरता तुम्ही जिंदगीमा पहिलांदाव गाडीबद्दल खोटं सांगं. ती लाज मन्ही शे, तुमनी नही. माले माफ करा."