आधाराचं वजन

मी आयुष्यभर पूल काढले. बांधले नाहीत हं, काढले! कागदावर. नटबोल्टला हात लावायची वेळ कधी आली नाही. तरीही त्या दिवशी बायकोला छातीठोकपणे म्हणालो, "घाबरू नकोस. तुझा वॉकर मी करतो!"

झालं होतं असं, की ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिने अंथरूण धरलं. "आत्ता चालल्या नाहीत, तर पुढे अवघड आहे," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण दवाखान्यातला वॉकर पाहून ती म्हणाली, "हा काडीपैलवान मला सावरणार? त्याचाच जीव केवढा!"

मी ड्रॉइंगला बसलो. आमच्या धंद्यात असेल त्याच्या दुप्पट भार धरून चालतात. माझा माझ्यावर विश्वास कमी, म्हणून मी पाचपट धरला. मग वाटलं, पाय वाकला तर? नळी जाड केली. घसरला तर? बूड रुंद केलं. जितक्या शंका, तितक्या आडव्या पट्ट्या!

वेल्डरने ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं. "काका, टाकी किती लिटरची?"

"टाकी नाही, बायको आहे!"

तो गंभीर झाला, आणि आपल्या मनाने आणखी एक पट्टी ठोकली.

वॉकर दोन हमालांनी धापा टाकत वर आणला. मुलगी दारातच ओरडली, "बाबा, आईला चालवायचंय की कुंपण घालायचंय?"

मी दुर्लक्ष केलं. मी आणि मुलीने मिळून बायकोला उभं केलं. तिने दांडा घट्ट धरला. वॉकर ढिम्म हलला नाही. इतक्या दिवसांनी ती आपल्या पायांवर उभी होती! मला भरून आलं.

"बघ, किती भक्कम!"

"भक्कम आहे हो. पण उचलायचा कसा?"

सगळे भार मी धरले होते. वॉकर दर पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो, एवढंच धरलं नव्हतं. माझा एकही पूल कुणी उचलून पुढे ठेवला नव्हता!

तिने दोनदा जोर लावून पाहिला. मग म्हणाली, "निजवा मला परत. नाही व्हायचं माझ्याच्याने."

मी तिच्या बाजूला सरकलो आणि खांदा पुढे केला. तिने तो पकडला. एक पाऊल पडलं. थांबून दुसरं. करत करत आम्ही खिडकीपर्यंत पोचलो.

"कसं वाटतंय, आई?" मुलीने विचारलं.

"डगमगतो गं जरा हा आधार," ती धापा टाकत म्हणाली, "पण निदान हलतो तरी!"