साळिंदरांनी तरंगती चटई कशी निवडली

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि नावा जास्त झाल्या होत्या. जंगलाच्या मधोमध एक तळं होतं. पूर्वी प्राणी तिथे पाणी प्यायला जायचे. आता ते रविवारी सहकुटुंब नौकाविहाराला जायचे. प्यायचं पाणी घरून बाटलीत न्यायचे.

कासवांची नाव होती. कोल्ह्यांची नाव होती. सशांची पिल्लं एका नावेत मावायची नाहीत, म्हणून सशांनी नावेच्या मागे हवा भरलेली एक चटई बांधली. पिल्लं तिच्यावर लोळायची, पाय पाण्यात सोडायची. ते बघून सगळ्यांनाच चटई हवीशी झाली. चटई नसेल तर नावेत बसणं म्हणजे नुसतं नावेत बसणं, असं लोक म्हणायला लागले.

त्याच जंगलात साळिंदरांचं एक कुटुंब होतं. तात्या, आई, आणि तात्यांची मोठी बहीण आत्याबाई. थोरला मुलगा दौलत, धाकटा सुभान आणि शेंडेफळ चिमी. चिमीला पोहता येत नव्हतं. हे तुम्ही लक्षात ठेवा. घरातले अधूनमधून विसरायचे.

आता सांगा, साळिंदराच्या अंगावर काय असतं? बरोबर. पण मोठ्याने म्हणू नका. साळिंदरांच्या घरात त्याला पिसं म्हणतात. तसा रिवाजच आहे. लग्नात नवरीच्या पिसांत शेवंती खोवतात. पाहुणा आला की आधी विचारतात, "पिसं बरी आहेत ना?" इतर प्राणीही पिसंच म्हणायचे. उगीच कशाला कोणाला दुखवा? पिसं म्हणायचे आणि जरा लांब बसायचे.

शाळेत 'आपली पिसे' नावाचा धडाच होता. सुभानने तो धडा यायच्या आधीच शाळा सोडली. दौलतने शाळा पुरी केली, पण हा धडा त्याला काही केल्या पाठ झाला नाही.

दौलत रोज बिळाच्या तोंडाशी झोपायचा, पाठ बाहेर करून. त्यामुळे रात्री वारा आत यायचा नाही आणि कोल्हाही यायचा नाही. घरात याला कोणी काही म्हणत नसे. बिळाला दार असतं तसा दौलत होता. दाराकडे कोण बघतं?

तर एके दिवशी सगळं कुटुंब चटई निवडायला लंगूरशेठच्या दुकानात गेलं. दुकानात चटयाच चटया. निळ्या, गुलाबी, केळीच्या आकाराच्या, कलिंगडाच्या फोडीसारख्या. सगळ्यांच्या पोटात हवा. लंगूरशेठच्या पोटात सकाळचं जेवण. तो हसत पुढे आला.

"या तात्या. पिसं काय म्हणतात?"

"झकास. कुटुंबासाठी चटई दाखवा."

"ही बघा. दोरी अडकवायला कड्या, उशाला उंचवटा, पेला ठेवायला खळगा. पायाने दाबायचा पंप सोबत येतो."

"पेल्याला खळगा एकच?" आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही सहा जण आहोत. पाच जणांनी काय पेला डोक्यावर धरायचा?"

लंगूरशेठने सहा खळग्यांची काढली. मग रंगाचा प्रश्न निघाला. तात्यांना निळी हवी होती. आत्याबाई म्हणाल्या, पाण्यावर निळी दिसणारच नाही, मग घेऊन उपयोग काय? आईला हिरवी आवडली. आत्याबाई म्हणाल्या, हिरवीवर शेवाळ आहे असं वाटेल. चिमीला सगळ्याच हव्या होत्या. ती एकीवरून दुसरीवर उड्या मारायला निघाली. दौलतने तिला उचलून खांद्यावर घेतलं.

दुकानाच्या कोपऱ्यात एक चटई भिंतीला टेकून उभी होती. राखाडी, जाड, घडी न होणारी. तिच्यात हवाच नव्हती. आतून बाहेरून नुसता फोम.

"ही घ्या," दौलत म्हणाला.

"ती?" लंगूरशेठ म्हणाला. "ती पाणम्हशी नेतात."

"गादीच्या कारखान्यात उरलेली दिसते," आत्याबाई म्हणाल्या.

"हिला भोक पडलं तरी ही भोकासकट तरंगेल."

"भोक कशाला पडेल?" तात्या म्हणाले.

दौलतने सगळ्यांकडे बघितलं. मग सगळ्यांच्या पाठींकडे बघितलं.

"तात्या, आपल्याला काटे आहेत," तो म्हणाला.

लंगूरशेठ छताकडे बघायला लागला. आत्याबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"चारचौघांत," त्या म्हणाल्या. "तेसुद्धा खरेदीच्या वेळी. वहिनी, हेच शिकवलंत पोराला?"

"बरोबर बोलतोय की दादा," सुभान म्हणाला. "हे बघा, माझे किती..."

"तू गप," तात्या म्हणाले. "तू तर शाळेतच नव्हतास."

लंगूरशेठने घसा खाकरला. "तसं कोणाच्या अंगावर टोकदार काही असेल तर आम्ही हवेची चटई देत नाही. पण तुमचा प्रश्नच येत नाही. तुमची पिसं."

"तेच म्हणते मी," आत्याबाई म्हणाल्या.

मग रंगावर लवकर एकमत झालं. केशरी. काठाला सोनेरी पट्टी. तात्यांनी दुकानातच चटईवर बसून बघितलं. अंग आवरून, पिसं चापून, फोटोला बसतात तसे बसले. चटईला काही झालं नाही.

"बघ," तात्या दौलतला म्हणाले.

"चिमीला पोहता येत नाही, तात्या. एवढंच म्हणतो."

"मग तू बस तिच्या शेजारी."

"बसेन," दौलत म्हणाला.

मुलांनो, साळिंदर दोन वेळा अंग फुलवतं. एकदा घाबरल्यावर आणि एकदा खूश झाल्यावर. दुकानात तात्या घाबरले नव्हते आणि खूशही नव्हते. ते फक्त खरेदी करत होते.

रविवारी तळ्यावर गर्दी होती. साळिंदरांची नाव मधोमध जाऊन थांबली. मागे केशरी चटई. तिच्यावर आत्याबाई, चिमी आणि चिमीच्या शेजारी दौलत. नावेत तात्या, आई आणि सुभान. खळग्यांत कोकम सरबताचे पेले. सगळी पिसं चापलेली. सगळं छान चाललं होतं.

तेवढ्यात कासवांची नाव जवळून गेली. कासवीणबाई थांबल्या. त्या कधी थांबतात आणि कधी चालतात हे सहसा कळत नाही, पण आज त्या खरंच थांबल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "काय रंग आहे हो. अख्ख्या तळ्यात असा नाही. कोणी निवडला?"

"मीच," आत्याबाई म्हणाल्या.

आणि त्या फुलल्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

आवाज फार मोठा झाला नाही. पुस्स झालं. नंतर पुष्कळ पुस्स झालं. आत्याबाई नावेजवळ होत्या. तात्यांनी त्यांना ओढून घेतलं. चिमी दूरच्या टोकाला होती. ती पाण्यात गेली. दौलतने उडी मारली, तिला धरलं, नावेपर्यंत आणलं आणि खालून वर ढकललं. आईने तिला घेतलं. सुभानने दादासाठी हात खाली केला.

पण चटई दौलतच्या पाठीत अडकली होती. रिकामी, ओली, जड. काट्याकाट्यात रुतून तिने त्याला पाठीमागून मिठी मारली होती. ती खाली चालली होती. सुभानच्या हाताला दादाचं बोट लागलं. मग नाही लागलं.

सुभानने उडी मारली. तात्यांनी त्याला पायाला धरून वर काढलं. त्याने पुन्हा उडी मारली. पुन्हा काढलं. मग तात्या त्याच्यावर बसून राहिले.

पाण्यावर सहा पेले तरंगत होते.

घरी भेटायला सगळं जंगल आलं. सगळे जरा लांब बसले.

"फार वाईट झालं," कोल्हा म्हणाला. "रंग मात्र चांगला होता."

"मी तेव्हाच यांना म्हटलं," सशीणबाई म्हणाल्या. "केशरी तापतो. तापला की हवा फुगते."

"हिरवी घ्यायला हवी होती," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. "त्याची आई हिरवी म्हणत होती."

"रंगाला दोष देऊ नका," आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गुणी होतं पोर. पण दुकानात, खरेदीच्या वेळी, त्याच्याच तोंडून तो शब्द गेला. मी तेव्हाच मनात चरकले."

सगळ्यांनी माना हलवल्या. आई रविवारपासून बोलत नव्हती.

बिळाच्या तोंडातून वारा येत होता. तात्यांनी तिथे एक फळी उभी केली, ती पडली. सुभान तिथे पाठ बाहेर करून झोपून बघायचा. त्याची पाठ पुरत नव्हती. दोन्ही बाजूंनी वारा आत यायचा.

मग लंगूरशेठ भेटायला आला. तो चांगला प्राणी होता. त्याने सांगितलं की चटई बदलून मिळेल. वॉरंटीत बसतं. तेव्हा आत्याबाईंना एक कल्पना सुचली. ही नवी चटई आपण तळ्याला भेट देऊ. तिच्यावर दौलतचं नाव घालू. दर रविवारी कोणीतरी तिच्यावर बसेल आणि त्याची आठवण काढेल.

"छान," कोल्हा म्हणाला.

"फारच छान," सशीणबाई म्हणाल्या. "फक्त रंग नीट बघा."

म्हणून सगळं कुटुंब पुन्हा लंगूरशेठच्या दुकानात गेलं. एक जण कमी. लंगूरशेठने चटई आधीच फुगवून ठेवली होती. पांढरी. उशाजवळ काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कै. दौलत यांच्या स्मरणार्थ. सौजन्य, साळिंदर परिवार.' पेल्यांचे खळगे सहाच होते.

"पांढरी मळेल," आत्याबाई म्हणाल्या.

"फिक्या निळ्यात मिळेल," लंगूरशेठ म्हणाला. "प्रसंगाला शोभेल."

"निळी पाण्यावर दिसत नाही, मी मागेच सांगितलं होतं."

"मग जांभळी?"

"जांभळीवर काळी अक्षरं उठतील का?" तात्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांना त्या दिवसांत काहीच कळत नव्हतं. अक्षरं उठतील की नाही, एवढंच विचारता येत होतं.

सुभान दाराशी उभा होता. बोलायचं काय ते दादाने इथेच उभं राहून बोलून ठेवलं होतं. सुभानने अंग फुलवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत. आणि तो दुकानात लोळायला लागला.

पहिल्यांदा निळी गेली. मग गुलाबी. मग केळ. कलिंगडाच्या फोडीवर तो दोनदा गेला, कारण ती जाड होती. पुस्स, पुस्स, पुस्स. दुकानात इतका वारा सुटला की लंगूरशेठची टोपी उडाली. चिमी हसायला लागली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून तिला कोणी थांबवलं नाही.

"अहो तात्या," लंगूरशेठ टेबलावर चढून म्हणाला, "आवरा त्याला. सगळा माल फाडला. त्याच्या त्या, त्या..."

तो अडकला.

"त्या कसल्या?" आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"त्या पिसांनी," लंगूरशेठ हळूच म्हणाला.

"शेठ, पिसांनी चटई फाटते का?"

लंगूरशेठ टेबलावरूनच आपली टोपी शोधायला लागला.

"वहिनी," आत्याबाई म्हणाल्या, "लोक बघताहेत."

"काटे आहेत त्याला," आई म्हणाली. "मला आहेत. तुम्हाला आहेत, वन्सं. माझ्या दौलतला होते."

मग ती त्या पांढऱ्या चटईकडे गेली. तिने आधी नावावरून हात फिरवला. मग पाठ फिरवली आणि तिला टेकली. भिंतीला टेकतात तशी, सावकाश, सगळा भार टाकून. चटईतली हवा जाईपर्यंत ती टेकून राहिली.

सुभान लोळायचा थांबला. त्याच्या पाठीला केळ्याची साल लटकत होती. तो आईजवळ जाऊन बसला. आईने एक एक काटा मोकळा करत ती साल काढली.

घरी जाताना आईने कोपऱ्यातली राखाडी चटई मागितली. लंगूरशेठने ती मुकाट्याने दिली. आईने ती पाठीवर घेतली. ती काट्यांवर घट्ट बसली. धरायचीसुद्धा गरज पडली नाही.

ती चटई आता बिळाच्या तोंडाशी उभी असते. वारा अडतो. रविवारी ती तळ्यावर जाते. चिमी तिच्यावर बसते, हवी तेवढी फुलते, आणि चटई भोकासकट तरंगते. दिसायला फार वाईट दिसते. कासवीणबाई आता जवळ थांबत नाहीत.

लंगूरशेठने दुकान पुन्हा भरलं. दाराशी पाटी लावली: 'मालाला टेकू नये.' आत्याबाई वेगळ्या बिळात राहायला गेल्या. तिथे पिसं म्हणतात.

तात्पर्य: मुलांनो, तरंगती चटई घेताना आधी रंग बघावा. मग पेला ठेवायला किती खळगे आहेत ते मोजावेत. पंप सोबत येतो का, हे विचारावं. घरातला कोणी पाठीवर काय आहे ते बोलायला लागला, तर त्याला चटईच्या दूरच्या टोकाला बसवावं. तो कमी झाला की पुढच्या वेळी फक्त रंगच निवडायचा राहतो.