हिरव्या चिठ्ठ्यांचं इंग्रजी

डिस्पॅचरावांनी इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांचं घर नाहीसं झालं. म्हणजे भिंती जागेवर होत्या. भिंतींच्या आतलं सगळं गेलं होतं, सासूबाईंसकट.

घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते डिस्पॅच क्लार्क होते, म्हणून डिस्पॅचराव. कुठला ट्रक कुणाच्या दारात आणि कुठला मुकादम कुठल्या ट्रकवर, हे त्यांच्या टेबलावरून ठरायचं. माणूस शिस्तीचा. 'हिरवी चिठ्ठी असेल ते उचला, नसेल ते सोडा, आणि घरच्यांना काहीही विचारू नका' हा कंपनीचा नियमसुद्धा त्यांचाच. (एकदा एक जोडपं मोडक्या पलंगावरून दुपारभर भांडत बसलं आणि ट्रक खाली ताटकळत उभा राहिला. तेव्हापासून घरच्यांचं मत घ्यायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. स्वतःच्या घरीही त्यांचं धोरण हेच होतं, फक्त तिथे त्यांना कुणी जुमानत नसे.)

घर दोन खोल्यांचं. त्यात ते, बायको, सासूबाई आणि गिऱ्हाइकांनी टाकून दिलेलं सामान. घर बदलताना लोक निम्म्या वस्तूंना "राहू दे, नको" म्हणतात, आणि डिस्पॅचरावांचा जीव तुटतो. असा जीव तुटून तुटून घरात तीन पायांचा सोफा आला, बिनदाराचं कपाट आलं, एकमेकांशी कधीच न पटणारी चार घड्याळं आली, आणि हॅट अडकवायचा एक उंच स्टँडही आला. हॅट घरात कुणाकडेच नव्हती. बायकोला स्वयंपाकघरात जायचं तर सोफ्यावर एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरावं लागे.

"अहो, या घरात माणसांनी राहायचं कुठे?" ती विचारायची. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांची तोंडं बंद ठेवायची नाहीत आणि घरी आल्यावर स्वतःचंही नाही, असं डिस्पॅचराव म्हणत. मनात.

"क्वार्टर मिळू दे, मग बघ," ते मोठ्याने म्हणत.

क्वार्टर म्हणजे गोडाऊनमागचं कंपनीचं चार खोल्यांचं घर. ते परदेशी विभागाच्या प्रमुखाला मिळायचं. प्रमुखाची जागा नुकतीच रिकामी झाली होती, आणि मोठे साहेब सोमवारी उमेदवारांशी इंग्रजीत बोलून बघणार होते. उमेदवार एकच होता, कारण बाकीच्यांना आपल्याला इंग्रजी येत नाही हे माहीत होतं.

"घाबरायचं नाही," ऑफिसच्या कॅशियरने सल्ला दिला. "एक क्रियापद धरायचं आणि त्याचा फडशा पाडायचा. अर्धी भाषा खिशात!"

डिस्पॅचरावांनी 'टेक' धरलं. टेक म्हणजे घेणे. आपला धंदाच घेण्याचा आणि नेण्याचा, तेव्हा हे दोन दिवसांत उरकेल असं त्यांना वाटलं. डिक्शनरी उघडली आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"अगं, हे बघ! विमान उडालं तरी टेक, चपला काढल्या तरी टेक. अंघोळ केली तरी टेक, औषध प्यायलं तरी टेक. मुलगी आईवर गेली तरी टेकच!"

"मग त्यांच्याकडे बाकीचे शब्द आहेत कशाला?" बायकोने विचारलं.

पाठ करून काही डोक्यात राहीना. शेवटी, आपल्याला जे जमतं तेच करावं, असं त्यांनी ठरवलं. ऑफिसातून हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि घरातल्या एकेका वस्तूवर एकेक अर्थ लिहून चिकटवला. चपलांच्या रॅकवर 'टेक ऑफ', पडद्यांवर 'टेक डाउन', बादलीवर 'टेक अ बाथ', सासूबाईंच्या आरामखुर्चीवर 'टेक अ सीट'. सैल कपडे आत घेतात तेही टेकच, म्हणून शिवणयंत्रावर 'टेक इन'. बायको आणि सासूबाईंचा एकत्र फोटो होता, त्यावर 'टेक आफ्टर'. उठता-बसता चिठ्ठी दिसावी, वाचावी आणि अर्थ रक्तात भिनावा, अशी योजना. रविवारपर्यंत घरात हिरवा रंग नसलेली अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे बायको. तिच्यावर काय चिकटवावं याचा त्यांनी विचार केला होता, पण हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी डिस्पॅचराव नेहमीप्रमाणे टेबलावर बसले, ट्रक रवाना केले आणि ओठांतल्या ओठांत टेकचा जप करत केबिनबाहेर जाऊन थांबले. त्या दिवशीचा पहिला ट्रक त्यांनी त्यांच्याच इमारतीत पाठवला होता. तिसऱ्या मजल्यावरची परदेशी मॅडम नव्या बंगल्यात राहायला जात होती. पण पत्ता लिहिताना हा पत्ता ओळखीचा वाटतो एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि तेही टेकच्या गर्दीत चेंगरून गेलं.

पुढे काय झालं ते त्यांना नंतर कळलं. तुम्हाला आधी सांगतो.

मुकादम आणि त्याच्या माणसांनी मॅडमचं घर रिकामं केलं आणि ते जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर एक दार सताड उघडं. दारातच हॅटचा स्टँड आणि त्यावर कंपनीची हिरवी चिठ्ठी. मुकादमाने आत डोकावून पाहिलं. सोफ्यावर चिठ्ठी, कपाटावर चिठ्ठी, बादलीवरसुद्धा चिठ्ठी!

"च्यायला, मॅडमचं खालीपण घर आहे," तो म्हणाला. "चला रे, उचला."

आता सासूबाई काही दुबळ्या नव्हत्या. त्या ओरडल्या असत्या तर इमारत गोळा झाली असती. पण जावयाच्या कंपनीचा शर्ट घातलेली पाच माणसं बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आम्हाला न्यायला आलात?"

नियमाप्रमाणे घरच्यांशी बोलायचं नव्हतं. मुकादमाने नुसती मान हलवली.

"म्हणजे झालं वाटतं क्वार्टरचं काम! आणि जावईबापू बोलले नाहीत हो एका शब्दाने. सावकाश, ती काचेची बरणी आहे. हा सोफा आधी काढा, मेला रोज नडगीला लागतो."

सासूबाईंनी पदर खोचून स्वतः उभं राहून घर भरून दिलं, पाचही जणांना चहा पाजला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

इकडे डिस्पॅचरावांना आत बोलावणं आलं. ते खुर्चीच्या टोकावर बसतात न बसतात तोच टेबलावरचा फोन वाजला. मोठे साहेब जरा वेळ ऐकत राहिले आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून हसले.

"तुमचं नशीब चांगलं दिसतंय. परदेशी मॅडमचा फोन आहे, बाई भयंकर चिडल्यात. घ्या, बोला. हीच तुमची परीक्षा."

डिस्पॅचरावांनी फोन कानाला लावला आणि त्यांच्यावर इंग्रजीचा लोंढा कोसळला. पण काय आश्चर्य! त्या लोंढ्यात त्यांना ओळखीची माणसं भेटू लागली. कुणाचं तरी भंगार माझ्या घरात आणून टाकलंय, मॅडम सांगत होती. एका म्हातारीने माझ्या दिवाणखान्यात खुर्ची मांडून सीट 'टेक' केली. माझे पडदे 'टेक डाउन' केले. आता सगळं घरच 'टेक ओव्हर' केलंय आणि मला दाराकडे बोट दाखवतेय!

डिस्पॅचरावांना सगळं समजत होतं. सगळं! त्यांच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

"मॅडम, टेक इट ईझी," ते रुबाबात म्हणाले. "वी टेक बॅक. वी टेक अवे ओल्ड लेडी. यू टेक रेस्ट." साहेबांच्या भुवया वर गेल्या. डिस्पॅचरावांनी रिसीव्हरवर हात ठेवून साहेबांना हलकेच सांगितलं, "कुण्या गाढवाचं घर उचललं गेलंय, सर. काय काय भंगार जमवतात लोक! आणि घरात म्हातारी ठेवून बाहेर गेलाय, शहाणा."

"कोण आहे तो विचारा."

त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाली, नाव-गाव काही नाही. पण प्रत्येक वस्तूवर हिरव्या कागदावर काहीतरी हुकूम लिहिलाय. बादलीवर लिहिलंय, अंघोळ कर. मला धमकी देताय का? आणि हॅटच्या स्टँडवर...

हॅटचा स्टँड म्हटल्यावर डिस्पॅचरावांचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून ना इंग्रजी बाहेर पडे ना मराठी. हातातला फोन टेबलावर आपटला.

"काय झालं? कुणाचं घर आहे?" साहेब ओरडले.

"मा... माझं."

"आणि ती म्हातारी?"

"तीही."

साहेबांनी जीपची किल्ली उचलली.

बंगल्याच्या दिवाणखान्यात चारही घड्याळं लागली होती आणि चार वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. मधोमध आरामखुर्चीत सासूबाई, आणि समोर स्वतःच्याच घरात उभी असलेली, रागाने लाल झालेली मॅडम. मुकादम कोपऱ्यात मान खाली घालून होता.

"आलात? बरं झालं!" सासूबाई म्हणाल्या. "क्वार्टर झकास आहे हो! पण ही आधीची भाडेकरीण अजून जागा सोडत नाही. मी मघापासून सांगतेय, बाई, आमची ऑर्डर निघालीय, तू तुझं बघ. तुम्ही सांगा तिला इंग्रजीत."

डिस्पॅचरावांनी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. मॅडमला सांगितलं, साहेबांना सांगितलं, आणि सगळ्यात शेवटी, अगदी बारीक आवाजात, सासूबाईंना सांगितलं. क्वार्टर मिळालेलं नाही हे ऐकून त्यांचा चेहरा एवढासा झाला. तो बघून डिस्पॅचरावांना खरोखर रडू कोसळायचं बाकी राहिलं.

"मुकादमाला काही बोलू नका, सर," ते म्हणाले. "तो नियमाने वागला. नियम माझाच आहे."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभर डिस्पॅचरावांना आशा वाटली.

"तुमचं इंग्रजी मला आवडलं," साहेब म्हणाले. "पण असं बघा, फोनवर स्वतःच्या घराचं आणि स्वतःच्या सासूचं वर्णन ऐकून ज्याला ओळख पटत नाही, त्याच्या हाती मी परदेशातली घरं कशी सोपवू? तुम्ही आपले डिस्पॅचलाच बरे."

संध्याकाळी ट्रक परत निघाला. पुढे सासूबाई, मागे सामानात डिस्पॅचराव. वाटेत त्यांच्या डोळ्यांसमोर सारखं एकच चित्र येत होतं. बायको दवाखान्यातून आली असेल, कुलूप नाही, दार सताड उघडं, घरात काडीही नाही आणि आईचा पत्ता नाही. ती बेशुद्ध पडली असेल. नाहीतर आपली वाट बघत असेल. दुसऱ्या कल्पनेने त्यांना जास्त कापरं भरलं.

दोन्ही अंदाज अर्धे बरोबर होते. बायकोने आल्या आल्या किंकाळी फोडून सगळा मजला गोळा केला होता. ती पोलिसांकडे निघणार, तोच बंगल्यावरून सासूबाईंचा फोन शेजारच्यांकडे आला आणि सगळा उलगडा झाला. पुढचा तासभर ती रिकाम्या घरात एकटी होती.

ट्रक आला तेव्हा ती दारात उभी होती. डिस्पॅचराव चाचरत जिना चढले. "अगं, ऐक, ती बढती..."

"कळलं मला. आईने सांगितलं." तिचा आवाज इतका शांत होता की ते दोन पायऱ्या खाली उतरले. "अहो, आत येऊन बघा तरी. केवढं मोठं घर आहे आपलं! मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ चालत गेले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. ही खिडकी उघडते, तुम्हाला माहीत होतं? क्वार्टर हवंय कुणाला?"

मग ती पदर खोचून दारात उभी राहिली आणि मुकादमाची माणसं एकेक वस्तू वर आणू लागली.

"वहिनी, शिवणयंत्र?"

"आत घ्या."

"सोफा?"

"न्या परत."

"घड्याळं?"

"एक ठेवा. चालत असेल ते."

"हा स्टँड?"

"अजिबात नाही."

आई आत गेली, भांडी आत गेली, गाद्या आत गेल्या. सोफा, बिनदाराचं कपाट, तीन घड्याळं आणि हॅटचा स्टँड खाली फुटपाथवर रांगेने उभे राहिले, आणि त्यांच्याशेजारी, जिना उतरून आलेले डिस्पॅचराव. मुकादमाने त्या रांगेकडे पाहिलं, जरा डोकं खाजवलं आणि जिन्यातून वर हाक मारली.

"वहिनी, आणि डिस्पॅचरावांचं काय करायचं?"

वर ती विचार करत होती, हे खाली सगळ्यांना ऐकू येत होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी पलंग लागू दे. जागा उरली तर बघते."