शिक्का मारलेला गृहपाठ

रविवारी जेवणं आटोपताच आवडाबाई म्हात्रे इंग्रजीची दहा वाक्यं लिहायला बसल्या. वय अठ्ठावन्न, शाळा चौथीपर्यंत आणि गुरू म्हणजे सहावीतली नात सान्वी. आंबिवलीजवळची ही बिल्डिंग त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी राहिली होती, त्यामुळे सोसायटी झाल्यापासून अध्यक्ष त्याच. पण आज पाच वाजता सभा होती, नवा अध्यक्ष निवडायचा होता, आणि चौथ्या मजल्यावरच्या रवींद्र परुळेकरांनी ग्रुपवर टाकलं होतं, 'अध्यक्षाला निदान इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवं.' ते आवडाबाईंच्या जिव्हारी लागलं होतं.

"आज्जी, चार साधी वाक्यं, दोन प्रश्न, दोन ऑर्डरी आणि दोन उद्गार," सान्वीने निघता निघता बजावलं. "क्लासवरून आले की तपासणार. फुलस्टॉप विसरलीस तर मार्क कट!"

"काप गो. पन त्या परुळेकरासमोर मना ताठ उभी कर."

वही संपली होती. आवडाबाईंनी सोसायटीचा लेटरहेड ओढला आणि मनात होतं ते लिहून काढलं. 'क्लीन द टेरेस.' 'कम डाऊन.' 'हू टुक माय लॅडर?' 'व्हॉट अ स्मेल!!!' खाली सही केली आणि कमरेच्या पिशवीतला शिक्का मारला. सही केली की शिक्का मारायचा, ही त्यांची सवय, अगदी दुधाच्या वहीतसुद्धा. मग त्या जरा आडव्या झाल्या.

तेवढ्यात वॉचमन राघो पार्किंगची नोटीस न्यायला आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण नियम पाठ होता. तो आवडाबाईंनीच घालून दिला होता, "शिक्का दिसला का कागद बोर्डावर, फोटो ग्रुपवर. मना विचारत बसू नको." राघोने विचारलं नाही, शिक्क्याचा कागद उचलला.

साडेचारला गलक्याने त्यांना जाग आली. खाली उतरून पाहतात तर सगळी बिल्डिंग अंगणात! एरवी सभेला सहा माणसं यायची, त्यातली दोन चहासाठी.

"काकी, वास कसला येतोय?" दुसऱ्या मजल्यावरची कल्पिता कडेवर पोर घेऊन धावत आली. "गॅसचा आहे का? मी कुकर तसाच टाकून आलेय!"

कुणाला गॅसचा, कुणाला ड्रेनेजचा, कुणाला कंपनीतल्या केमिकलचा वास यायलाही लागला होता. पहिल्या मजल्यावरचा दिपेश आणि आणखी चारजण झाडू घेऊन गच्चीवरून उतरत होते. आवडाबाईंची नजर बोर्डावर गेली. तिथे त्यांचा गृहपाठ लटकत होता. खरं सांगावं तर परुळेकर भर सभेत खिल्ली उडवणार आणि खुर्ची जाणार. त्यांनी पदर खोचला.

"वास गच्चीवरच्या कचऱ्याचा. झाडली ना? मंग आता जाईल. अकरा नोटिसा लावल्या मी, तवा कुनी झाडू उचलला?"

"काकी, त्या मराठीत होत्या," दिपेश घाम पुसत म्हणाला. "ही इंग्लिशमध्ये आली. वाटलं वकिलाकडूनच आलीय."

इतक्यात परुळेकर खांद्यावर शिडी घेऊन उतरले. दोन वर्षांपूर्वी हरवलेली आवडाबाईंची शिडी! "जिन्याखाली सापडली हो," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग आवडाबाईंच्या कानाशी येऊन कुजबुजले, "काकी, नाव लिहिलं नाहीत, उपकार झाले. पण तुम्हाला कळलं कसं?"

आवडाबाईंना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

आता सगळं निभावलंच होतं, पण सान्वी क्लासवरून आली. आली ती थेट बोर्डापाशी. दप्तरातून लाल पेन काढून तिने बरोबर-चूकच्या खुणा करायला सुरुवात केली.

"दहापैकी सात," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "स्मेलच्या पुढे तीन तीन चिन्हं कशाला? एकच द्यायचं!"

सगळे बोर्डाकडे वळले. पहिले सावरले ते परुळेकर.

"म्हणजे ही नोटीस नाही? गृहपाठ आहे?" त्यांना हसण्याच्या उकळ्याच फुटल्या. "बघा मंडळी! बघा आपल्या अध्यक्ष!"

कल्पिताने हसू दाबायला तोंडावर हात धरला. आवडाबाईंचे कान तापले. पण शिडी अजून परुळेकरांच्याच खांद्यावर होती.

"गृहपाठच हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "परुळेकर, तुमचं इंग्रजी चांगलं. यातला तो शिडीचा प्रश्न जरा मोठ्यानं वाचा. उत्तर मी मराठीत सांगते."

परुळेकरांनी बोर्डाकडे पाहिलं, मग आवडाबाईंकडे. शिडी हळूच भिंतीला टेकवली.

"वाचायचं काय त्यात?" ते घसा खाकरून म्हणाले. "आत्ता सगळे जमलेच आहेत, तर सभा उरकून घेऊ. अध्यक्षपदासाठी मी आवडाकाकींचं नाव सुचवतो."

भराभर हात वर झाले. ठराव परुळेकरांनीच लिहिला, इंग्रजीत. आवडाबाईंनी तो सान्वीकडून तपासून घेतला आणि मगच शिक्का मारला.