चव आवश्यकतेनुसार

वार्षिक आरोग्य तपासणीत विभागातल्या चारशे बारा कर्मचाऱ्यांच्या कंबरांचं माप घेण्यात आलं आणि त्यांची सरासरी वरच्या मजल्यावरच्या विभागापेक्षा चार सेंटिमीटरने जास्त भरली. बाब गंभीर होती. वरच्या मजल्याचे साहेब जिन्यात भेटले की या विभागाच्या मोठ्या साहेबांना आधी वाट देऊ लागले, आणि वाट देताना भिंतीला जरा जास्तच चिकटून उभे राहू लागले.

मोठ्या साहेबांनी हा अपमान पंधरा दिवस गिळला. सोळाव्या दिवशी परिपत्रक निघालं. यापुढे उपाहारगृहात दुपारच्या जेवणाला केवळ क्विनोआ (एक परदेशी धान्य) देण्यात येईल, तो स्वादिष्ट व आरोग्यदायी पद्धतीने शिजवण्यात येईल आणि सर्व कर्मचाऱ्यांनी त्याचा स्वेच्छेने लाभ घेणे बंधनकारक राहील.

हे परिपत्रक आलं ते मावशींच्या हातात. उपाहारगृहाच्या चुलीवर मावशी एकोणीस वर्षं होत्या आणि एकोणीस वर्षं तात्पुरत्या होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांची नेमणूक संपे, एक दिवस त्या घरी बसत आणि दुसऱ्या दिवशी अर्जात ‘पूर्वानुभव : नाही’ असं लिहून नव्याने रुजू होत. त्यांना आता कायम व्हायचं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि तात्पुरत्या माणसाला आजारी पडायची सोय नसते. शिवाय पुढच्या वर्षी त्या वयाची अट ओलांडणार होत्या. म्हणजे यंदा जमलं तर जमलं.

आस्थापना शाखेचे हेडक्लार्क म्हणाले, “मावशी, ही संधी आहे बघा.” त्यांना सगळे टिपणीकाका म्हणत, कारण त्यांच्यासमोर कुणी शिंकलं तरी ते आधी टिपणी ठेवत आणि मग रुमाल देत. माणूस मनाने चांगला होता. “नियम काय सांगतो? तात्पुरत्या माणसाने कामात लक्षणीय सुधारणा केली आणि ती कागदावर दिसली, तर त्याला कायम करता येतं. आजवर तुमची पंचाईत काय होती? तुमचा स्वयंपाक मुळातच चांगला. सुधारायला जागाच नव्हती. आता आहे.”

मावशींनी परिपत्रकाखालची कृती वाचली. क्विनोआ : प्रतिव्यक्ती साठ ग्रॅम, थेट भांड्यात घ्यावा. पाणी : दुप्पट. मीठ : नाममात्र. चव : आवश्यकतेनुसार.

त्यांनी मूठभर दाणे एका वाडग्यात भिजवून चोळले. वाडग्यात फेस आला. त्यांनी एक दाणा चावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“काका, हा तर साबण सोडतोय. चार-पाच पाण्यांनी धुवायला हवा, नाहीतर कडूजहर लागेल.”

“परिपत्रकात ‘थेट’ म्हटलंय, मावशी. थेट म्हणजे मध्ये काही नको.”

“अहो, पण धान्य धुवायला काय परवानगी लागते?”

“लागत नव्हती. आता तुम्ही विचारलंत, म्हणजे लागणार.”

मावशी तडक आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. त्या तरुण होत्या, नव्या होत्या आणि घाबरलेल्या होत्या. दार लोटून घेऊन त्या हळूच म्हणाल्या, “धुवायचाच असतो हो मावशी. मी मसुद्यात लिहिलं होतं. पण साहेबांना परिपत्रक एका पानात बसवायचं होतं, आणि ती ओळ दुसऱ्या पानावर जात होती.”

“मग सांगा ना त्यांना.”

“सही झाल्यावर?” बाईंचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा मावशींनी धुण्याच्या परवानगीचा अर्ज दिला. तो पाणीपुरवठा शाखेकडे गेला. तिने फेसाचं वर्गीकरण विचारलं. मग तो स्वच्छता शाखेकडे गेला. तिने कळवलं की फेस येतो त्याअर्थी सदर धान्य स्वतःच स्वच्छता करणारे आहे, ते पुन्हा स्वच्छ करण्याचे प्रयोजन समजून येत नाही. अर्ज तिथून कुठे गेला ते टिपणीकाकांनाही सांगता येईना.

पहिल्या दिवशी मोठे साहेब स्वतः उपाहारगृहात आले. त्यांच्यापुढे वाडगा ठेवण्यात आला. चारशे अकरा माणसं श्वास रोखून पाहत होती. साहेबांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांच्या डाव्या डोळ्याला पाणी आलं. बराच वेळ त्यांनी घास इकडून तिकडे फिरवला. मावशी पदर मुठीत धरून उभ्या होत्या. आता हे विचारतील की कडू का, मग आपण सांगू, आणि प्रश्न इथल्या इथे मिटेल, असं त्यांना वाटत होतं.

“वा,” साहेब म्हणाले.

“वा!” चारशे अकरा माणसं म्हणाली.

दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली होती. तिच्यात तीन रकाने होते : स्वादिष्ट, अधिक स्वादिष्ट आणि अतिस्वादिष्ट. ज्याला क्विनोआ आवडला नसेल त्याच्यासाठी रकाना नव्हता, कारण असा कर्मचारी विभागाच्या आस्थापनेवर मंजूर नव्हता. साहेबांनी तिसऱ्या रकान्यात खूण केली. पुढची चारशे अकरा माणसं रांगेने आली, साहेबांची खूण कुठे आहे ते पाहिलं आणि नेमकी तिच्याखाली आपली खूण केली.

जेवण मात्र कुणाच्या पोटात गेलं नाही. पहिले दोन दिवस ते कचऱ्याच्या डब्यात गेलं. तिसऱ्या दिवशी डब्यांवर पहारा बसला, तेव्हा ते कुंड्यांत, टेबलांच्या खणांत आणि छत्र्यांत गेलं. टपाल शाखेने तर डिंक मागवणंच बंद केलं. क्विनोआने चिकटवलेली पाकिटं उघडता उघडत नसत, त्यामुळे बाहेरून उत्तरं येईनात आणि विभागातली प्रलंबित प्रकरणं झपाट्याने कमी झाली. हेही यश क्विनोआच्या नावावर जमा झालं.

दुपारी कुणी काहीच खाईना म्हटल्यावर कंबरा व्हायच्या तशा बारीक झाल्या. दोन महिन्यांत सरासरी नऊ सेंटिमीटरने उतरली. लेखा शाखेतले दोघे भोवळ येऊन पडले, त्यांना ‘हलके वाटत असल्याबद्दल’ प्रशस्तिपत्र देण्यात आलं. आता जिन्यात वाट द्यायची पाळी मोठ्या साहेबांची होती. ते ती भिंतीला चिकटून देत.

यश आलं की त्याची वाढ दाखवावी लागते. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी अतिस्वादिष्ट लिहिलं होतं, मग दुसऱ्या महिन्यात काय लिहायचं? वहीत ‘परमस्वादिष्ट’ हा रकाना वाढवण्यात आला. तिसऱ्या महिन्यात ‘अवर्णनीय’ आला. चौथ्या महिन्यात भाषा शाखेने हात टेकले आणि ‘शब्दातीत’ हा शेवटचा रकाना असल्याचं लेखी कळवलं.

इकडे मावशींची झोप उडाली होती. रोज चारशे बारा माणसांचं अन्न आपल्या हातून नासतंय, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. लोकांनी नावं ठेवली असती तर चाललं असतं, पण लोक कौतुक करत होते आणि छत्र्या उघडून झटकत होते. एका रविवारी त्यांनी किलोभर क्विनोआ विकत आणून घरच्या घरी करून पाहिला. सात पाण्यांनी धुतला, फेस पूर्ण थांबेपर्यंत. मग निथळून कोरड्या भांड्यात खमंग भाजला. पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी घातलं, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवला आणि आच बंद करून दहा मिनिटं तसाच मुरू दिला. दाणा न् दाणा मोकळा झाला. दुसरीकडे तेलात लसूण, कांदा, मटार आणि गाजर परतून त्यात तो मिसळला, वरून शेंगदाणे घातले आणि लिंबू पिळलं.

लेकीने एक ताटली संपवली आणि न विचारता दुसरी घेतली.

“आई, हे काय आहे?”

“क्विनोआ.”

“ते तुमच्या ऑफिसात छत्रीत टाकतात ते?”

“तेच.”

“मग उद्या हेच कर की! सुधारणा, सुधारणा म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?”

मावशींनी रात्रभर विचार केला नाही. विचार करायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्या उपाहारगृहात गेल्या, आतून कडी घातली आणि पंचवीस किलो क्विनोआ कुणाच्याही परवानगीशिवाय सात वेळा धुतला.

त्या दुपारी उपाहारगृहात कुणी बोलत नव्हतं. फक्त चमचे वाजत होते. टपाल शाखेचे लोक सवयीने खळ करायला वाडगे घेऊन गेले आणि अर्ध्या जिन्यातून खात खात परत आले. लेखा शाखेतल्या त्या दोघांनी भांड्याचा तळ खरवडला. मोठ्या साहेबांनी तीनदा वाढून घेतलं, डोळे मिटले आणि पदाला न शोभणारी ढेकर दिली. आहारतज्ज्ञ बाई कोपऱ्यात बसून रडत खात होत्या. मावशी चुलीपाशी उभं राहून हे सगळं पाहत होत्या आणि एकोणीस वर्षांत त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग सगळे अभिप्रायाच्या वहीपाशी आले आणि थांबले.

आजचं जेवण चांगलं आहे असं लिहावं, तर शब्दातीतच्या पुढे रकाना नव्हता. आणि शब्दातीत कालही लिहिलं होतं, परवाही लिहिलं होतं. आज काही वेगळं होतं असं कबूल करावं, तर चार महिने जे लिहिलं ते काय होतं? रांग हलेना. शेवटी साहेबांनी पेन उचललं, कालच्या खुणेखाली आजची खूण केली आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. रांग हलली.

त्या दिवसापासून मावशी रोज धुऊनच शिजवू लागल्या, आणि पुढच्या मोजणीत कंबरा दोन सेंटिमीटरने वाढल्या. कर्मचारी जेवत असल्याचा संशय बळावला. चौकशी समिती बसली, आणि मावशींचा कायम होण्याचा अर्जही तिच्यापुढेच गेला. अध्यक्ष मोठे साहेब होते, सचिव टिपणीकाका.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?” साहेबांनी विचारलं.

“धुतलं, साहेब.”

“का?”

“कडू लागत होता म्हणून.”

साहेबांनी खुर्चीत अंग चोरलं.

“कुणाला लागत होता?” ते सावकाश म्हणाले. “वहीत अशी एकही नोंद नाही. मी स्वतः पहिल्या दिवशी खाल्लाय.”

“तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, साहेब.”

“समाधानाने.”

“मग त्या दिवशी तीनदा का घेतलात?”

टिपणीकाकांचं पेन हातातून गळून पडलं. साहेब म्हणाले, “हे इतिवृत्तात घेऊ नका,” आणि काकांनी ‘हे इतिवृत्तात घेऊ नका’ असं लिहून ते खोडलं.

चारशे बारा कर्मचाऱ्यांचे जबाब झाले. प्रत्येकाने सांगितलं की त्या दिवसाचा क्विनोआ नेहमीसारखाच होता. सांगताना पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते त्यांनी रुमालाने टिपलं.

पंधरा दिवसांनी काका आदेश घेऊन चुलीपाशी आले. त्यांना तो वाचून दाखववेना, म्हणून मावशींनीच हातातून घेऊन वाचला. ‘अभिलेख तपासले असता, धुण्यापूर्वीचा व धुतल्यानंतरचा अभिप्राय एकसमान आढळतो. सबब चवीत कोणतीही सुधारणा झाल्याचे दिसून येत नाही. कायम करण्याची विनंती अमान्य. अर्जदार पुढील वर्षी वयोमर्यादा ओलांडत असल्याने प्रकरण निकाली.’ खाली बारीक अक्षरात होतं : ‘यापुढे कृती परिपत्रकानुसारच करावी.’

“मी टिपणी ठेवली होती हो तुमच्या बाजूने,” काका खाली बघत म्हणाले.

“जबाबात काय सांगितलंत, काका?”

काकांनी सहीसाठी पोचपावती पुढे केली. त्या दिवशी चार वेळा वाढून घेणारे ते एकटेच होते.

मावशींनी डोळे पुसले. मग पंचवीस किलो क्विनोआ मोजला आणि थेट भांड्यात घातला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं एकेकटी चुलीपाशी येऊ लागली. “मावशी, आमच्यापुरता तेवढा धुऊन करा ना.” “मावशी, कुणाला कळायचं नाही.” लेखा शाखा आली, टपाल शाखा आली. मोठ्या साहेबांच्या शिपायाने तर रिकामा डबाच पुढे केला.

मावशी प्रत्येकाला एकच सांगत. “करते की. कडू लागतो असं वहीत लिहून या, लगेच धुते.”

एकही माणूस लिहून आला नाही. मावशी तसाच शिजवत राहिल्या, आणि अकरा महिन्यांची शेवटची नेमणूक संपली तेव्हा दुखरे गुडघे घेऊन घरी गेल्या. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या क्विनोआची फार स्तुती झाली.

तुम्ही म्हणाल, चारशे बारांतल्या एकालाही खरं लिहवू नये? अगदी बरोबर. पण गेल्या आठवड्यात तुमच्या वहिनींनी काहीतरी नवीन, पौष्टिक करून मोठ्या आशेने तुमच्यापुढे ठेवलं, तेव्हा ते पाण्याच्या घोटाबरोबर ढकलून तुम्हीच म्हणालात ना, “वा, वेगळंच झालंय! कसं केलंत?” त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. परवा त्यांच्याकडे वीस माणसं जेवायला आहेत, आणि त्या तेच करणार आहेत.