उसन्या गोगलगाई

टेंभरे काकांनी सृष्टीतल्या सगळ्या जीवांचे दोन भाग केले आहेत: मित्रकीटक आणि शत्रुकीटक. यात माणसंही आली. आमच्या फुलचूरच्या गल्लीतला दूधवाला मित्रकीटक आहे. रात्रंदिवस भोंगा लावणारा मंडपवाला शत्रुकीटक. कोपऱ्यावरचे पटले वकील आधी मित्रांत होते, पण त्यांच्या बकरीने काकांची मेथी खाल्ली आणि ते बकरीसकट पलीकडे गेले. मी काकांच्या समोर राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात काकांनी मला फाटकातून सांगितलं, "मॅडम, तुमाले सध्या निरीक्षणाखाली ठेवलं आहे." पुढची चार वर्षं मी निरीक्षणाखालीच होते.

काका कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, वाकून धानावरचे तुडतुडे मोजण्यात गेली. नोकरी संपली तरी वाकणं काही संपलं नाही. घरापुढे फरशी घातलेलं छोटंसं आंगण आहे. त्यात तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, एक जुना कूलर आणि त्या सगळ्यांत मिरच्या, वांगी, टमाटर, कढीपत्ता. रोज सकाळी सहा वाजता काका हातात भिंग आणि कानावर पेन्सिल घेऊन पाहणीला निघतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर वीस पावलं असेल. काकांना दीड तास लागतो.

प्रत्येक पान उलटं होतं. मावा किती, फुलकिडे किती, अळीची अंडी आहेत का, सगळं पाहून झालं की काका कमरेवर हात ठेवतात आणि निकाल देतात, "अजून नुकसानीच्या पातळीच्या आत आहे."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कीड दिसली म्हणून लगेच धावायचं नाही, किती नुकसान करते ते पाहायचं, आणि पातळी ओलांडली तरच हात उचलायचा, अशी ती सरकारी शिकवण. काकांनी ती मिरचीपुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. पण मंडपवाल्याचा भोंगा सुरू झाला की सगळी गल्ली कानात बोटं घालते आणि काका घड्याळ पाहून म्हणतात, "पातळीच्या आत." जावई आठ दिवसांसाठी येऊन वीस दिवस राहिले तेव्हा पंधराव्या दिवशी मी सहज विचारलं, तर काका हळूच म्हणाले, "टेकला आहे पातळीले. पण मित्रकीटक आहे, फवारता येत नाही."

फवारायचं म्हणाल तर काका कुणालाच फवारत नाहीत. घरात विषाची बाटली नाही. निंबोळ्या भिजवून त्यांचं कडूजहर पाणी करतात, तेवढंच. आणि पिवळे सापळे. पत्र्याच्या चकत्यांना पिवळा रंग द्यायचा, एरंडेल फासायचं आणि झाडांत टांगायचं, की मावा पिवळ्या रंगाला भुलून येतो आणि चिकटतो. एकदा मी हळदी रंगाचा ड्रेस घालून शाळेत निघाले होते. काकांच्या फाटकाशी दोन मिनिटं बोलत थांबले तर काकांनी एकदम हात वर केला.

"हलू नका मॅडम!"

मला वाटलं साप. मी डोळे मिटून उभी. काका भिंग घेऊन माझ्या बाहीवरचे किडे मोजत होते. "एकवीस, बावीस... माह्या सापळ्यापेक्षा जास्त आले जी! मंगळवारी हाच ड्रेस घालून येजा." तो ड्रेस मी बहिणीला देऊन टाकला.

त्या आंगणाची आणखी एक गंमत होती. ऊन पूर्वेच्या बाजूला भरपूर, आणि कुंड्या सगळ्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, अर्ध्या सावलीत. त्याही जमिनीवर नाहीत. कुणी शिलाई मशीनच्या स्टँडवर, कुणी स्टुलावर, कुणी विटांच्या चळतीवर. पटले वकिलांनी, ते अजून मित्रकीटक होते तेव्हा, एकदा सुचवलं की कुंड्या उन्हात ठेवाल तर टमाटर दुप्पट येतील. काका तापले. "धूप कोठं पडते ते मले मालूम नाही का? तीस वर्षं का मी सावलीत नोकरी केली?" पण कुंड्या काही हलवल्या नाहीत. शेतीखात्यातला माणूस आणि झाडं सावलीत, याचं गल्लीत बरंच हसू झालं. हसणाऱ्यांत मीही होते.

काकांची खरी लढाई होती गोगलगाईंशी. पावसाळा लागला की मुठीएवढ्या गोगलगाई कुठून निघायच्या कोण जाणे. मिरचीचं कोवळं रोप सकाळी पाहावं तर नुसती काडी. इथे काकांची पातळी पहिल्याच दिवशी ओलांडली गेली. त्यांनी ओली गोणपाटं पसरून ठेवायला सुरुवात केली. सकाळी गोणपाट उचललं की खाली गोगलगाईंची सभा भरलेली. एकेक चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात. एवढ्यावर न थांबता काकांनी घरोघरी जाऊन गोणपाटाचं प्रात्यक्षिक दिलं. यंदा सगळी गल्ली कामाला लागली. श्रावण संपेपर्यंत गोगलगाय नावाला उरली नाही.

आणि मग आला नारबोदचा दिवस. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काड्या-चिंध्यांची एक बाई करतात, तिला नारबोद म्हणतात. तिला वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात आणि घरातली सगळी पीडा तिच्या माथी मारतात. लोक ओरडतात, "खासी-खोकला घेऊन जाय री नारबोद! ढेकूण-मोंगसे घेऊन जाय री नारबोद!" मोंगसे म्हणजे डास. टेंभरे काका फाटकात उभे राहून खिशातून कागद काढतात. "मावा घेऊन जाय री नारबोद! पिठ्या ढेकूण घेऊन जाय री नारबोद! फळ पोखरणारी अळी घेऊन जाय री नारबोद!" मिरवणूक थांबून असते, ढोलकीवाला हसून बेजार होतो. यंदा शेवटी काकांनी छाती फुगवून आरोळी दिली, "उरल्यासुरल्या गोगलगाई घेऊन जाय री नारबोद!" टाळ्या पडल्या. काकांनी हात जोडले.

त्यानंतर आठवड्याने, रविवारी सकाळी, काका माझ्या दारात. हातात स्टीलचा डबा. चार वर्षांत पहिल्यांदा ते काही मागायला आमच्या दारात आले होते.

"मॅडम, तुमच्याकडे गोगलगाई आहेत का?"

"नाही हो काका, एकही नाही. तुमच्या गोणपाटाची कृपा."

त्यांचा चेहरा पडला. "चार-पाच पायजे होत्या."

मला आधी हसू आलं. मग कळलं की काका सकाळपासून सगळी गल्ली फिरून आले होते. कुणाच्याच घरी गोगलगाय शिल्लक नव्हती. इतकंच काय, पटले वकिलांची बेलही वाजवून झाली होती, आणि वकिलीणबाईंनी अभिमानाने सांगितलं होतं, "तुमीच सांगितलं म्हणून मिठात टाकल्या ना सगळ्या."

"पण तुम्हाला कशाला हव्यात?"

"भारद्वाज येऊन नाही राहिला. आज सहावा दिवस."

भारद्वाज मला माहीत होता. कावळ्याएवढा, काळा, तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा. उडण्यापेक्षा चालतोच जास्त. रोज सात-साडेसातला भिंतीवरून काकांच्या आंगणात उतरायचा, कुंड्यांमधून मिरवायचा, एखादी गोगलगाय फोडून खायचा. तो आला की काका भाजीवाल्याला हाताने थांबवायचे, मला स्कूटर चालू करू द्यायचे नाहीत. या पक्ष्याला त्यांनी कुठल्याच यादीत घातलं नव्हतं. गोगलगाई संपल्या तशी त्याची न्याहारी संपली आणि त्याने दुसरं घर पाहिलं, हे एवढ्या मोठ्या कीटकशास्त्र्याच्या आधी ध्यानात आलं नाही.

"येईल हो काका. पक्षीच तो. त्याचं काय एवढं?"

काका डब्याचं झाकण लावत, काढत राहिले. मग म्हणाले, "ती वाट पाहून राहिली ना."

ती म्हणजे टेंभरे काकी. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा आम्ही सगळे मोसंबी घेऊन भेटायला गेलो होतो. पुढे काकी झोपल्या असतील म्हणून, मग शाळा आहे म्हणून, आणि मग नुसतंच, जाणं थांबलं. काका फाटकाशी भेटत, किड्यांचं बोलत, आणि आम्हीही किड्यांचंच ऐकून हसत परत येत असू. हे लिहिताना मला लाज वाटते.

"डॉक्टर म्हणते, बोलाची इच्छा झाली तर वाचा फिरू शकते," काका म्हणाले. "सारं करून पाह्यलं. पोरगी रायपूरहून फोनवर रडते, तरी हिचं तोंड नाही उघडत. मागच्या पावसाळ्यात तो भारद्वाज उतरला आन् ही एकदम बोलली, 'आला.' तवापासून रोज बोलते. तेवढाच एक शब्द. आता सहा दिवसांपासून तोही नाही."

मी चावी घेतली आणि म्हटलं, "बसा स्कूटरवर."

आम्ही बिरसीच्या रस्त्याने गावाची शीव गाठली. धान पोटऱ्यात आलेलं, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत कमरेएवढं. पळसाच्या झाडाखाली नारबोदचा सांगाडा पडला होता, चार काड्या आणि एक लाल चिंधी. काका सरळ तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि ऑफिसात साहेबापुढे उभं राहावं तसे हात बांधून म्हणाले, "नारबोदबाई, अर्ज चुकला माहा. बाकी सारं ने. हे तेवढं वापस घेऊन जाऊन राहिलो, राग नको मानू."

मग दोघं वाकलो. मला किड्यांचा मनापासून तिटकारा आहे. तरी त्या दिवशी मी साडी खोचून, ओल्या पालापाचोळ्यात हात घालून, बुळबुळीत गोगलगाई वेचल्या. वरून बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणाऱ्यांचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. काकांनी कपाळावर हात धरून त्याच्याकडे पाहिलं. "हे दिवसभर फिरते, पण कोनाचं काही खात नाही. मित्रकीटकच म्हना." डबा भरत आला तसे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमालेही मित्रकीटकांत घेतलं मॅडम. आजपासून." पगारवाढीचं पत्र हाती आलं तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

सोमवारी, मंगळवारी भारद्वाज आला नाही. गोगलगाईंनी मात्र दोन दिवसांत वांग्याची पानं चाळणी केली. काका नुसते पाहत होते. ज्या कुंडीला ते कुणाला हात लावू देत नसत, त्या भिवापुरी मिरचीच्या रोपाजवळही एक गोगलगाय सरकत होती. त्या रोपाला यंदा पहिल्यांदा फुलं धरली होती. काकांनी गोगलगाय उचलली आणि फक्त शेजारच्या कुंडीत ठेवली.

बुधवारी मी शाळेत जायच्या आधी काकींकडे गेले. फाटकाशी न थांबता आत गेले. काकी खिडकीला लागून खाटेवर होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर कुंकू जरासं वाकडं, ते काकांनी लावलेलं. मी त्यांचा डावा हात हातात घेऊन बसले आणि त्या जिकडे पाहत होत्या तिकडे पाहिलं.

खिडकीतून पूर्वेचं ऊन दिसतच नव्हतं. दिसत होती पश्चिमेची भिंत. आणि शिलाई मशीनच्या स्टँडवरच्या, स्टुलावरच्या, विटांवरच्या सगळ्या कुंड्या, निजलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर. मिरचीचं फूल, कढीपत्त्यावरची हिरवी अळी, वांग्यावर बसलेला चतुर, एकही गोष्ट खिडकीच्या चौकटीबाहेर नव्हती. चार वर्षं, नव्हे, दोन वर्षं आम्ही ज्याला हसत होतो ते हे होतं.

बाहेर काका भिंग घेऊन मिरचीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. तेवढ्यात भिंतीवर काळं काहीतरी हललं. लाल डोळ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, आणि धप्पकन भारद्वाज कुंड्यांत उतरला. तो उतरला तो नेमका भिवापुरी मिरचीवर. फुलांनी भरलेली फांदी काडकन मोडली.

माझ्या हातातली काकींची बोटं घट्ट झाली. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"आला," काकी म्हणाल्या.

काका जागचे हलले नाहीत. पाठमोरेच, दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय म्हणते ती?"

"आला म्हणाल्या काका," मी खिडकीतून म्हटलं. "पण तुमची मिरची मोडली हो."

काकांनी भिंग खिशात ठेवलं आणि बाहीने डोळे पुसले.

"होऊ द्या जी नुकसान," ते म्हणाले.